गिअरबॉक्स खोलण्याआधी: जुनी गाडी दुरुस्त करायची की बदलायची?

आमच्या घरी २००९ ची एक डिझेल गाडी होती, वडिलांची. २०१९ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऐन लग्नसराईत, क्लच दाबला की ती घर्रघर्र करायला लागली. गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता सांगितलं, "गिअरबॉक्स गेला भो, पन्नास-पंचावन्न हजार धरून चाला." दोन दिवसांवर घरचंच लग्न, पाहुणे स्टेशनवर उतरायला लागलेले. आम्ही घाईघाईत गाडी सत्तर हजाराला देऊन टाकली. घेणाऱ्यानं क्लच सेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) बदललं, गिअरबॉक्सच्या आत हातही घातला नाही. ती गाडी आजही बाजाराच्या दिवशी चोपडा रोडला भरताची वांगी भरून समोरून येते. चालवणारा आता ओळखीचा झालाय, हात करतो. मीही करतो.

तेव्हापासून कुणी गिअरचं रडगाणं घेऊन आलं की मी आधी एकच विचारतो, "अजून खोललं तर नाही ना?" गिअरबॉक्स गॅरेजच्या फरशीवर सुटा पडला की तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. गाडी ढकलूनही दुसरीकडे नेता येत नाही, आणि समोरचा सांगेल तो आकडा ऐकावा लागतो. म्हणून खाली सांगितलेलं बहुतेक काम खोलण्याआधी करायचं आहे. पहिलीच गाडी असेल, तीही जुनी घेतलेली, तर हे क्रमानंच करा.

१. गाडी चालवत न्यायची की उचलून?

खाली बघा. गाडीखाली तेलाचा ताजा डाग असेल, तर चावी काढा. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल असतंच किती, छोट्या गाडीत दोन लिटरच्या आसपास. ते गळून गेलं की तीनशे रुपयांच्या सीलचं दुखणं काही किलोमीटरमध्ये पूर्ण गिअरबॉक्सवर जातं. तेल गळत नसेल आणि नुसता आवाज असेल किंवा एखादाच गिअर त्रास देत असेल, तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही.

टोचन करायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात, म्हणजे पुढचा भाग उचलला पाहिजे. ऑटोमॅटिक गाडीला ट्रॅक्टरमागे दोर बांधून ओढू नका. इंजिन बंद असताना तिच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंपही बंद असतो आणि आतले भाग कोरडे घासतात. ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची. विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची जोड घेतली असेल तर हा खर्च वाचतो, आधी कागद काढून बघा.

दगड लागून खालचं कवच फुटलं असेल तर तो अपघात आहे, सर्वसमावेशक विम्यात बसतो. पण तेल गळत असताना तुम्ही गाडी तशीच गावापर्यंत दामटली आणि आतले दाते गेले, तर तो भाग कंपनी नाकारते. शेतरस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोरीत मधला उंचवटा तळाला ठोकला की खाली उतरून बघायचं, फोटो काढायचा, मगच पुढे जायचं. झिजून गेलेला गिअरबॉक्स मात्र कुठल्याच साध्या पॉलिसीत बसत नाही.

२. उतरवणं वेगळं, खोलणं वेगळं

नवख्या माणसाला इथेच फसवलं जातं, कधी मुद्दाम, कधी आळसानं. गिअरबॉक्स 'उतरवला' म्हणजे इंजिनपासून सुटा करून खाली घेतला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलायला एवढं पुरतं. 'खोलला' म्हणजे त्याचं कवच उघडून आतले शाफ्ट, दाते, सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) बाहेर काढल्या. पहिलं काम बहुतेक गॅरेजांत दिवसाभरात होतं, दुसऱ्याला कसबी हात लागतो आणि पार्टची वाट बघावी लागते. तुमचं दुखणं कुठल्या गटातलं आहे याचा अंदाज घरच्या अंगणात येतो. रात्री करा, हायवेचा गलका कमी झाल्यावर. दिवसा निम्मे आवाज ऐकूच येत नाहीत.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन सुरू करून, क्लच तळापर्यंत दाबून पुन्हा टाका. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि सुरू असताना अडतात, रिव्हर्सला कर्रर्र होतं, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल ताणलेली असेल, क्लचचा सिलिंडर गळत असेल किंवा प्लेट गेली असेल. कधी कधी नुसती केबल ॲडजस्ट करून काम भागतं. इंजिन बंद असतानाही गिअर हलत नसेल, तर आधी गिअरच्या दांड्यापासून खाली जाणारी केबल आणि तिचे बुश बघायला सांगा. ते सगळं बाहेरच असतं.

आता गाडी न्यूट्रलला, इंजिन सुरू, पाय क्लचवरून काढलेला. घरघर येतेय आणि क्लच दाबला की थांबते? गिअरबॉक्सच्या आतलं इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची फिरकी आत आणणाऱ्या दांड्याचं बेअरिंग. म्हणजे खोलावं लागणार. उलट, क्लच दाबला की आवाज सुरू होतो? रिलीज बेअरिंग. उतरवलं की पुरे. आमची गाडी ह्याच दुसऱ्या आवाजात विकली गेली, आणि तपासायला अर्धं मिनिट लागलं असतं.

रस्त्यावर घेऊन चौथ्या गिअरात, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबा. इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, करपल्यासारखा वास येतो, म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर हे लपत नाही. एकाच गिअरला, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्याला, टाकताना दाते घासल्याचा आवाज येत असेल आणि बाकीचे ठीक असतील, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग. वेग वाढेल तसा आवाज वाढतो आणि न्यूट्रलला घरंगळतानाही राहतो, तर चाकाचं बेअरिंग किंवा डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर). स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक होते, तर ॲक्सलचा जॉइंट, त्याचा गिअरबॉक्सशी संबंध नाही.

गिअर आपोआप न्यूट्रलला सटकत असेल तर गॅरेजवाला आतले दाते झिजले म्हणेल. असतीलही. पण त्याआधी मांडण्या, म्हणजे इंजिनचे रबरी माउंटिंग बघा. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे. कोकणात गाडीचा पत्रा गंजतो, खान्देशात पत्रा टिकतो पण रबर जातं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, त्यात गाडी उन्हात उभी. माउंटिंग कडक होऊन फाटतात, ॲक्सलचे सील आणि रबरी बूट चिरतात, आणि चिरलेल्या बुटातून काळ्या मातीची धूळ आत शिरते. हँडब्रेक ओढून बॉनेट उघडा, जाणत्या माणसाला पहिल्या गिअरात क्लच किंचित सोडायला सांगा, मग रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीसमोर नाही. इंजिन बैलानं मान झटकावी तसं उसळत असेल तर पहिला खर्च माउंटिंगचा.

३. तेल काढून बघा

हे गॅरेजात, पण खोलायच्या आधी. आमच्याकडचे एक मिस्त्री आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये बसतात, बोलतात कमी. मागच्या उन्हाळ्यात मावसभावाची गाडी नेली होती. "गाडीले काय व्हयनं?" एवढंच विचारलं. खालचा बोल्ट सोडला, तेल जुन्या डब्यात घेतलं, बोल्टच्या टोकाचं चुंबक अंगठ्यानं पुसलं आणि तो अंगठा उन्हात धरला. राखाडी मऊ लेप होता, काजळासारखा. ते दोन बोटांत चोळून म्हणाले, "ही झीज चालते." मग त्यांनी डब्यातलं तेल उन्हात तिरपं करून पाहिलं. तळाशी सोनेरी चमक फिरत होती. ती पितळेची, म्हणजे सिंक्रो रिंगची. लोखंडाचा एकही कण नव्हता. "दाते चांगले आहेत. रिंगा संपल्या." तिसऱ्या गिअरची तक्रार होती, ते जुळलं. भावाला खर्चाचा अंदाज गिअरबॉक्स न खोलता मिळाला.

तुम्हाला बघायचं ते इतकंच: राखाडी लेप चालतो, सोनेरी चमक म्हणजे रिंगा, नखाएवढे पोलादी तुकडे म्हणजे दाते किंवा बेअरिंग फुटलंय. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, नाल्याच्या पुरातून गाडी काढली होती का ते आठवा. सगळ्याच गाड्यांच्या बोल्टला चुंबक नसतं, तेव्हा तेल स्वच्छ डब्यातच घ्यायला लावा.

४. ऑटोमॅटिक असेल तर

आधी कुठला प्रकार ते समजून घ्या, कारण लोक सगळ्यालाच ऑटोमॅटिक म्हणतात. एएमटी, मारुती ज्याला एजीएस म्हणते, तो आतून साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. तिथे बिघाड बहुधा त्या यंत्रात, सेन्सरमध्ये किंवा क्लचमध्ये असतो. कमजोर बॅटरीनंही गिअर पडेनासे होतात, तेव्हा पहिली तपासणी बॅटरीची. सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर ही वेगळी जात. त्यांना स्कॅनर लावून बिघाडाचा कोड काढल्याशिवाय कुणी पाना हातात घेत असेल तर गाडी परत आणा. ठरलेल्या नंबरचंच तेल लागतं, "कोणतंही चालतं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ह्या तिघांसाठी नाशिक, संभाजीनगर किंवा सुरतचा ह्याच कामातला माणूस गाठलेला बरा. भाडं लागेल, पण शिकाऊ हाताचा खर्च त्याहून मोठा.

५. दोन मतं घ्या, एक आकडा ठरवा

गाडी चालती आहे तोवर दोन गॅरेजांत दाखवा. पहिल्यानं काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगू नका. दोघांनाही विचारा: उतरवायचं की खोलायचं? मजुरी किती, पार्ट किती, पार्ट ओरिजिनल की बाहेरचे? खोलल्यावर आणखी निघालं तर जास्तीत जास्त किती? हा शेवटचा आकडा मोबाइलवर मेसेजमध्ये मागा. त्याच्या वर जायचं झालं तर फोन केल्याशिवाय काम पुढे न्यायचं नाही, हेही त्यातच लिहा. चांगला मिस्त्री ह्यावर रागवत नाही.

लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर हा निर्णय घेऊ नका. गॅरेज भरलेली असतात आणि तुम्ही अडलेले असता. चार दिवस भाड्याची गाडी सांगा. आमची ती चूक भाड्याच्या गाडीपेक्षा कितीतरी महाग पडली.

६. हिशेब

"गाडीच दीड लाखाची, तिच्यात चाळीस हजार कशाला घालायचे?" पारावर हेच ऐकू येतं, आणि हिशेब चुकतो तो इथेच. तुलना करायची ती आहे तशी विकली तर काय येईल आणि दुरुस्त करून काय येईल ह्यांची.

समजा २०१३ ची पेट्रोल गाडी आहे. चालती असती तर १,६०,००० ला गेली असती, गिअरबॉक्सच्या तक्रारीसह गिऱ्हाईक ९५,००० म्हणतं. दुरुस्तीचा कमाल आकडा ३८,०००. फरक ६५,००० चा, म्हणजे विकायची असली तरी दुरुस्त करून विकणं परवडतं. दुरुस्ती ७०,००० वर गेली तर तशीच विका.

ठेवायची असेल तर येत्या दोन वर्षांचा इतर खर्चही मांडा: टायर, बॅटरी, सस्पेन्शन, एसी. तो २०,००० धरला तर ३८ आणि २० मिळून ५८,०००, चोवीस महिन्यांत महिन्याला सुमारे २,४०० रुपये. दुसऱ्या बाजूला पाच लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता १०,६०० च्या पुढे, विमा वेगळा. आकडे तुमचे घाला, पण दोन्ही बाजू महिन्यावर आणूनच बघा. कापसाचे पैसे हातात आले की हप्ता छोटा वाटतो; तो श्रावणात कसा वाटेल तेही बघा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो, त्यामुळे तुमच्या गाडीची किंमत दोन वर्षांपूर्वीच्या आठवणीवर धरू नका, आजच्या जाहिराती बघा.

७. बाकीची गाडी काय म्हणतेय?

गिअरबॉक्स नीट करूनही गाडी बदलावी लागेल अशा काही खुणा असतात. सकाळी सुरू करताना निळा धूर आणि इंजिन ऑइल सारखं कमी होणं, म्हणजे इंजिनही रांगेत उभं आहे. गिअरबॉक्सवर एक रुपया घालू नका. मोठ्या अपघातात चेसिस वाकलेली असेल तरी तेच. कंपनीनं भारतातला धंदा बंद केलेला असेल, शेव्हरलेची विक्री २०१७ अखेर थांबली, फोर्डनं उत्पादन थांबवल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं, तर पार्ट मिळतात, पण दुखणं आतलं असेल तर हो म्हणण्याआधी पार्ट हातात आहे का ते विचारा.

आणि आरसी बुकवरची तारीख. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, एप्रिल २०२२ पासून पहिल्या नूतनीकरणाची फी मोटारीला ५,०००, शिवाय पर्यावरण कर. गाडी चौदाव्या वर्षात असेल तर हा खर्च दुरुस्तीच्या आकड्यातच मिळवा.

८. दुरुस्त करायची ठरली

रिंगा किंवा एखादं बेअरिंग असेल तर तेवढंच बदला. दातेच तुटले असतील तर मोडीत निघालेल्या गाडीचा जुना गिअरबॉक्स बघायला हरकत नाही, पण मॉडेल, इंजिन आणि व्हेरिएंट तंतोतंत जुळलं पाहिजे. पेट्रोलचा डिझेलला बसवायचा जुगाड नको. शाफ्ट हातानं फिरवून बघा, खडखड नको. कुठल्या गाडीतून काढला त्याचा कागद आणि बिल घ्या, चोरीच्या गाडीचा माल तुमच्या दारात नको. चाचणीची मुदत बिलावर लिहून घ्या. पंधरा दिवस तरी मागा.

गिअरबॉक्स एकदा उतरला की क्लच सेट आणि रिलीज बेअरिंगची अवस्था बघून तेही त्याच वेळी बदला. मजुरी तीच लागते. सहा महिन्यांनी पुन्हा उतरवायचं तर ती दुसऱ्यांदा मोजावी लागेल. ॲक्सलचे सील नवे टाका. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून मागा. पक्कं बिल असेल तर वाद झाल्यावर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला सांगायला काही हातात असतं. पहिल्या हजार किलोमीटरनंतर खाली वाकून गळती बघा. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून आणि क्लचवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

९. बदलायची ठरली

गिऱ्हाइकाला दोष सांगा. लपवलात तर तो चार दिवसांनी दारात येईल, गाव छोटं आहे. गाडी विकण्याच्याही लायकीची नसेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथून मिळणाऱ्या जमा प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात राज्याच्या नियमाप्रमाणे सवलत मिळते. नुसत्या भंगारवाल्याला दिलेली गाडी आरटीओच्या दप्तरी तुमच्याच नावावर राहते.

घेताना गाडी थंड असताना जा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. वर दुसऱ्या भागात सांगितलेल्या सगळ्या तपासण्या करा, चढावर रिव्हर्स घेऊन बघा, उतारावर दुसऱ्या गिअरात ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडून बघा. कन्नड घाट जवळ असेल तर तिथेच न्या. सुरत किंवा सेंधव्याकडची स्वस्त गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि इथला रोड टॅक्स किमतीत धरा. वर्षाच्या वर दुसऱ्या राज्याच्या पासिंगवर इथे गाडी ठेवता येत नाही. विसार दिला तर पावती घ्या, तिच्यात चेसिस नंबर टाका.

जुनी देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५. राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. एजंट म्हणतो "होऊन जाईल". होईपर्यंत अपघात झाला तर नोंदणी ज्याच्या नावावर तोच भरपाईला जबाबदार, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन नव्या पॉलिसीला लावा.

आणि काचेवरचा फास्टॅग काढा, बँकेला सांगून बंद करा. माझ्या एका मित्राला गाडी विकून दोन महिने झाल्यावरही नशिराबादच्या टोलचे मेसेज येत होते. नवा मालक कुठे-कुठे फिरतो ते त्याला घरबसल्या कळत होतं, पैसे मात्र त्याचेच कापले जात होते.